कॅथरीनचे विष आणि मार्गोचा प्रियकर : कादंबरीने इतिहासावर अन्याय केला का?

चर्चाप्रस्ताव (वाचनवेडी)

अलेक्झांद्र द्युमाची १८४५ची 'ला रेन मार्गो' ही कादंबरी आणि तिच्यावरून पात्रिस शेरोने १९९४मध्ये काढलेला चित्रपट यांमुळे फ्रान्सच्या दोन राजस्त्रिया जगाला ठाऊक झाल्या : विषप्रयोग करणारी राजमाता कॅथरीन द मेदिची आणि प्रियकरावर जीव टाकणारी तिची मुलगी मार्गरित, म्हणजेच मार्गो. माझ्या मते हा दोघींवरही अन्याय आहे. फ्रान्सच्या दक्षिण सीमेवरील नवारा या छोट्या राज्याची प्रोटेस्टंट राणी आणि मार्गोची होणारी सासू जान द'आल्ब्रे जून १५७२मध्ये वारली, तेव्हा शवविच्छेदनात फुप्फुसाचा विकार आढळला होता. द्युमाने मात्र तिला विषारी हातमोज्यांनी मारले. कॅथरीनचा मुलगा राजा नववा शार्ल १५७४मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. कादंबरीत आणि पडद्यावर तो आईने दुसऱ्यासाठी विष माखून ठेवलेले पुस्तक चाळून मरतो. ब्ल्वाच्या राजवाड्यातील कॅथरीनच्या दालनात आजही पायाने खटका दाबून भिंतीतली छुपी कपाटे उघडून दाखवतात. कागदपत्रे आणि मौल्यवान वस्तू ठेवण्याची ही सोय, पण कादंबऱ्यांच्या प्रभावाने ती विषाची कपाटे ठरली. जानेवारी १५६२च्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना मर्यादित का होईना, उघड उपासनेची मुभा जिच्या कारभारात मिळाली, तिच्या बाबतीत असा 'ध'चा 'मा' व्हावा, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद (पडदानशीन)

मला हे मान्य नाही. कादंबरीकार हा बखरकार नव्हे. कॅथलिक मार्गो आणि जानचा प्रोटेस्टंट मुलगा आंरी यांच्या १८ ऑगस्ट १५७२च्या विवाहाचे चित्रपटातील दृश्य आठवा : मार्गो होकार देत नाही, तेव्हा भाऊ शार्ल मागून तिचे डोके पुढे रेटतो आणि ती हललेली मान संमती समजून लग्न लागते. राजकन्या म्हणजे तहाचा कागद, ही गोष्ट दहा पाने लिहून जितकी कळणार नाही, तितकी त्या एका रेट्यातून कळते. व्हिर्ना लिसीची कॅथरीनही केवळ खलनायिका नाही. मुलांचे सिंहासन टिकावे म्हणून आतून करपून गेलेली आई तिने उभी केली आणि त्यासाठी तिला कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हा चित्रपट नसता तर आपण हा धागा तरी उघडला असता का?

प्रतिसाद (जुनी पोथी)

प्रस्तावातील विषाबद्दलचा भाग योग्य आहे, पण म्हणून कॅथरीनला सोवळे नेसवू नये. मार्गरितने स्वतः आठवणी लिहून ठेवल्या आहेत. २४ ऑगस्टला पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली (सेंट बार्थोलोम्यूचे हत्याकांड), तिच्या आदल्या रात्री तिची बहीण क्लोद रडत तिचा हात धरून सांगत होती की, खोलीत जाऊ नकोस. आणि कॅथरीनने मात्र दटावून तिला झोपायला पाठवले, कारण ती गेली नाही तर प्रोटेस्टंटांना संशय आला असता. पोटच्या मुलीचा जीव डावाला लावणाऱ्या आईला हातमोज्यांच्या दंतकथेची गरजच काय? सेंट बार्थोलोम्यूच्या रक्तपातातील तिचा वाटा कोणत्याही फर्मानाने पुसला जात नाही.

प्रस्तावकर्तीचे उत्तर (वाचनवेडी)

'जुनी पोथी' यांचा मुद्दा मी मनापासून स्वीकारते. कॅथरीनला निर्दोष ठरवण्याच्या ओघात माझे त्या रात्रीकडे दुर्लक्ष झाले. पण माझी तक्रार त्यामुळे उलट बळावते. लग्नाविषयी मार्गरित त्या मानेच्या रेट्याचे नावही काढत नाही. ती आपला मुकुट आणि तीन राजकन्यांनी उचलून धरलेला निळ्या झग्याचा लांबलचक घोळ यांचे वर्णन करते. आपल्या थाटामाटाचा अभिमान बाळगणारी ही तरुणी सहा दिवसांनी पहाटे दारावरच्या धडका ऐकते. दार उघडताच एक जखमी माणूस आत येऊन तिच्या बिछान्यावर कोसळतो आणि तिला घट्ट धरतो. मागोमाग चार धनुर्धारी शिपाई घुसतात. दोघेही घाबरून किंचाळत असतात. आपण या माणसाला ओळखत नव्हतो, असे ती स्पष्ट लिहिते. द्युमाने त्याच्या जागी ला मोल नावाचा देखणा सरदार आणून प्रेमकथा रचली, आणि चित्रपटात तर आधीच रस्त्यात भेटलेला प्रियकरच रक्तबंबाळ होऊन परत येतो. 'पडदानशीन' यांना मला एवढेच विचारायचे आहे की, प्रियकराला वाचवणारी स्त्री आपण हजार वेळा पाहिली असताना, अनोळखी माणसाचा जीव मागून घेणारी स्त्री पडद्याला का पुरली नाही? त्याचे प्राण वाचल्यावर ती रक्ताने भिजलेली वस्त्रे बदलते, बहिणीच्या खोलीकडे निघते, वाटेत तीन पावलांवर एक माणूस भोसकला जातो. आणि थोड्याच वेळात ती राजापुढे व त्याच आईपुढे गुडघे टेकून नवऱ्याच्या पदरच्या आणखी दोघांचे प्राण मागून घेते.