गेम अडखळतोय की आपला पीसी?

(सोसायटीचा गेमिंग ग्रुप)

जोशीकाका: मंडळी, एक कोडं सोडवा. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स या शिकारीच्या गेमला परीक्षकांनी भरभरून गुण दिलेत आणि स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानावर, लोक त्याच गेमच्या नावानं खडे फोडतायत. नातवासाठी पीसीवर घ्यायचाय. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आहे. विश्वास कुणावर ठेवायचा?

केदार: दोघांवरही, काका. परीक्षक शिकारीबद्दल बोलतात आणि ती झकासच आहे. लोक बोलतायत ते पीसीवर गेम कसा पळतो त्याबद्दल. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमच्या शिफारशीत स्वच्छ लिहिलं होतं: १०८० पी रेझोल्यूशन, ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं), फ्रेम जनरेशन चालू ठेवून. ही ओळ वाचली की निम्मं कोडं सुटतं.

जोशीकाका: ६० तर ६०. मग अडचण काय?

ऋजुता: ते ६० खरे नाहीत काका. फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं. त्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरावी लागते. ३०चे ६० केले तर चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद ३०चाच, उलट थोडा उशिराच. मुळात ६०च्या आसपास मिळत असतील आणि १०० हवे असतील, तर फ्रेम जनरेशन छान. नाहीतर ती रंगसफेदी.

सलील: आणि सरासरी एफपीएस बघून कुणी गेम उचलू नका. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मध्येच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंदांची आली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला हिसका बसतो. परीक्षणात फ्रेम टाइमचा आलेख किंवा १ टक्का लो (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग) असेल तर तेवढंच बघा.

मेधाताई: सलील, हिसके दोन प्रकारचे असतात ते पण सांग. सगळे सरसकट ‘लॅग’ म्हणतात.

सलील: हो ताई. पहिला शेडरचा. स्फोट, धूर, पाणी असल्या प्रत्येक दृश्यासाठी छोटे प्रोग्रॅम असतात, तेच शेडर. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे ते आधीच तयार करून देता येतात. पीसीत कार्ड आणि ड्रायव्हर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून ते तुमच्या मशीनवर बनतात. गेमनं हे काम सुरुवातीला उरकलं नाही, तर तो धूर पहिल्यांदा दिसतो तेव्हा हिसका बसतो.
दुसरा हिसका नवा परिसर डिस्कवरून आत येताना बसतो.
ओळखायचं कसं? त्याच वाटेनं परत जा. हिसका गेला तर शेडर, त्याच वळणावर पुन्हा बसला तर परिसराचा लोड. पहिला हळूहळू कमी होतो. दुसऱ्यावर आपल्या हातात फारसं काही नाही, पॅचची, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीची, वाट बघायची.

केदार: बॉर्डरलँड्स ४ हा गेम आला तेव्हा तो बनवणाऱ्या गिअरबॉक्सनंच सांगितलं होतं की ग्राफिक्स सेटिंग बदलल्यावर निदान १५ मिनिटं खेळत राहा, शेडर मागे बनत असतात. लोक दर २ मिनिटांनी सेटिंग बदलत बसले आणि दर वेळी हिसके पहिल्यापासून सुरू. म्हणजे तो गेम पीसीवर जड नव्हता असं नाही हं, जड होताच.

अथर्व: तांत्रिक झालं. आता सिल्कसाँग या गेमचा निकाल लावा. अन्यायी गेम आहे, माझं मत ठाम.

ऋजुता: अवघड आहे, अन्यायी नाही.

अथर्व: मग हे गणित बघ. सुरुवातीला ५ मास्क, म्हणजे जिवाचे ५ भाग. बॉसचे, म्हणजे मोठ्या शत्रूंचे, बरेच वार २ मास्क नेतात, म्हणजे तिसऱ्या वाराला खेळ खल्लास. आता मास्कचे ४ तुकडे शोधून सहावा मास्क मिळवा. २-२-२, पुन्हा तिसऱ्याच वाराला खल्लास! एवढी पायपीट करून दुहेरी वारापुढे फायदा शून्य. सातव्या मास्कला कुठे तिसरा वार झेलून जिवंत राहता येतं. बक्षीस हातात येऊनही काही वाटत नसेल तर तो रचनेचा दोष नाही का?

मेधाताई: हे निरीक्षण मात्र बिनतोड आहे.

ऋजुता: बिनतोड, पण अर्धं. दुसरी बाजू बघ. एकदा बरं होण्यात ३ मास्क भरतात, हॉलो नाइट या पहिल्या गेमात एका वेळी १ भरायचा. त्यासाठी ९ रेशीम, म्हणजे सुरुवातीची सगळी रीळ लागते. याचा अर्थ १ मास्क गेल्यावर बरं होणं म्हणजे उधळपट्टी. ३ जाईपर्यंत दम धरायचा. जुन्या सवयीनं खेळणारा इथेच मार खातो. शिवाय बरं होणं हवेतही चालतं, त्यामुळे उडी मारून वार चुकवता चुकवता उरकता येतं.

अथर्व: आणि खाली मारायचा तिरका वार? उसळी घ्यायला जावं तर भलतीकडेच पडतो.

ऋजुता: सुरुवातीच्या हंटर क्रेस्टचा (क्रेस्ट म्हणजे लढायची शैली) वार तिरकाच आहे, तो ४५ अंशांतून यायचं गृहीत धरून मारायचा. नसेल जमत तर वाँडरर क्रेस्ट घे, त्याचा वार सरळ खाली जातो. पल्ला तोकडा, पण जुन्या हाताला तेच बरं पडतं. ही तक्रार निम्म्या लोकांनी क्रेस्ट न बदलता केलीय.

केदार: गेम बनवणाऱ्या टीम चेरीनं पहिल्याच पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस थोडे सौम्य केले, मधल्या टप्प्यातल्या विसाव्याच्या बाकांचे भाव उतरवले. म्हणजे अथर्वच्या ओरड्यात अगदीच दम नव्हता असं नाही. माझ्या मते खरी उणीव बॉसपर्यंतच्या परतीच्या वाटेत आहे. लढाईत हरलो तर शिकतो, पण त्याच काट्यांवरून तिसऱ्यांदा उड्या मारण्यात शिकण्यासारखं काही नाही. बाकी हालचाल, नकाशा, संगीत यांना तोड नाही.

अथर्व: रोझरीचं, म्हणजे गेममधल्या पैशांच्या मण्यांचं, पण सांगून टाका. मेलं की सुटे मणी जागेवरच राहतात, तिथवर पोचायच्या आत परत मेलं की कायमचे गेले.

ऋजुता: म्हणून ते माळेत ओवून ठेवायचे. थोडं नुकसान सोसावं लागतं, पण ओवलेले मणी मेल्यावर जात नाहीत.

मेधाताई: एक्स्पिडिशन ३३बद्दल कुणी बोलत नाही? पाळीपाळीनं लढायचा गेम, पण शत्रूची पाळी आली की हात बांधून बसता येत नाही. डॉज म्हणजे वार चुकवणं, पॅरी म्हणजे परतवणं. डॉजला वेळेची सवलत जास्त, पॅरीला कमी. पॅरी साधली की एपी, म्हणजे चाली खेळायचे गुण, मिळतात आणि सगळे वार परतवले तर प्रतिहल्ला. नवा शत्रू आला की आधी फक्त डॉज करून त्याची लय पकडा, मग पॅरी. शत्रू हात उगारून मुद्दाम रेंगाळतो, तेव्हा हाताकडे न बघता आवाजाकडे कान ठेवा.
उणीव एकच खुपते. आतल्या भागांत नकाशा नाही आणि सगळ्या वाटा सारख्या देखण्या, त्यामुळे कुठून आलो तेच कळत नाही.

सलील: टीव्हीवर खेळणाऱ्यांनी पॅरीला नावं ठेवण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करावा. चित्र सुधारण्याची सगळी प्रक्रिया चालू असली की चित्रच उशिरा दिसतं. तुम्ही वेळेवर दाबता, गेमच्या हिशेबात ते उशिरा ठरतं.

जोशीकाका: स्टीमवर २ तासांच्या आत परत करता येतो ना? मग घेऊनच बघतो.

मेधाताई: येतो काका. खरेदीपासून १४ दिवस आणि खेळणं २ तासांच्या आत, दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. पण गेम सुरू होऊन आत शेडर बनत असतील तर ती मिनिटंही त्या २ तासांत मोजली जातात. आणि २ तासांत यंत्र कळतं, गेम कळतोच असं नाही. सिव्हिलायझेशन ७ घ्या. फेब्रुवारी २०२५मध्ये आला. पहिलं युग सुरेख चालतं. आला तेव्हा खरी मेख युग बदलताना होती: नवी संस्कृती निवडावी लागायची, राजधानी सोडून बाकीची शहरं पुन्हा गावं व्हायची, चाललेली युद्धं थांबायची. कुणाला ही नवी सुरुवात आवडली, कुणाला उभा केलेला डाव मोडल्यासारखं वाटलं. पण हे कळेपर्यंत २ तास केव्हाच उलटलेले असतात. असल्या गेमला स्टीमवर खेळलेल्या तासांची गाळणी लावा, ३०-४० तासांच्या वर खेळलेल्यांचंच वाचा.

केदार: आणि कोणत्या मशीनवरचं परीक्षण आहे ते बघा. सायबरपंक २०७७च्या वेळी आधी आलेली सगळी परीक्षणं पीसीवरची होती. १० डिसेंबर २०२०ला गेम आला, जुन्या कन्सोलवर धड चालेना आणि आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. पुढे पॅचनी तो सावरला. कामगिरीचं दुखणं पॅचनं बरं होऊ शकतं, युग बदलण्यासारखी गोष्ट गेमच्या हाडातच असते.

अथर्व: बॅटलफिल्ड ६ हा गेम सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतो. बायोसमध्ये चालू करू का?

सलील: थांब, आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघ, डिस्कची मांडणी नवी जीपीटी आहे की जुनी एमबीआर. एमबीआर असेल आणि तू थेट सीएसएम (जुन्या पद्धतीनं पीसी सुरू करायची सोय) बंद केलंस तर विंडोज उठणारच नाही. आधी बॅकअप, मग डिस्क जीपीटीत बदलणं, मग सीएसएम बंद, शेवटी सिक्युअर बूट. गेम स्वतः मात्र पीसीवर व्यवस्थित पळतो, २०२५च्या मोठ्या गेमांत ही दुर्मीळ गोष्ट.

जोशीकाका: बरं, वाइल्ड्स घेतला तर ते २ तास नेमके कसे वापरू?

ऋजुता: कॅपकॉमचं मोफत बेंचमार्क टूल आहे, गेम तुमच्या पीसीवर कसा पळेल ते मोजतं, ते आधी चालवा, त्यात एकही मिनिट खर्च होत नाही. फ्रेम जनरेशन बंद ठेवूनच चालवा. मग रेझोल्यूशन एक पायरी उतरवून पुन्हा. एफपीएस वाढले तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, सेटिंग उतरवून भागेल. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर कमी पडतोय, तिथे सावल्या न् गवत कमी करून फारसं काही होणार नाही. आणि वेगळा मिळणारा हाय-रेझोल्यूशन टेक्श्चर (पृष्ठभागावरची चित्रं) पॅक ८ जीबीवर घेऊच नका.

जोशीकाका: चालवलं. सरासरी बरी दिसते, पण जमीन आधी धूसर आणि मग स्पष्ट होते.

सलील: कार्डाची मेमरी भरतेय. टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी काही हलवू नका. आणि बदल केल्यावर टूल पूर्ण बंद करून परत चालू करा, मगच आकडे बघा.

जोशीकाका: आणलं खाली. धूसरपणा गेला. फ्रेम जनरेशनशिवाय ५२.

ऋजुता: घ्या मग. ५० एफपीएसची मर्यादा लावून टाका, ४५-६० असं वरखाली होण्यापेक्षा ते हाताला बरं लागतं.