मदत हवी आहे : वडिलांचे नाक रात्रभर चोंदलेले असते, मेंथॉलचे तेल कितपत वापरावे?

नमस्कार. आम्ही निपाणीला राहतो. माझ्या वडिलांनी तंबाखूच्या वखारीत तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे आणि त्या धुरळ्यामुळे म्हणा किंवा वयामुळे म्हणा, पावसाळा लागला की त्यांचे नाक चोंदते ते थेट दसऱ्यापर्यंत. यंदा त्रास फारच वाढला आहे. आडवे झाले की दोन्ही नाकपुड्या बंद होतात, तोंडाने श्वास घेऊन घशाला कोरड पडते आणि रात्री दोनच्या सुमारास ते उठून खाटेवर बसून राहतात. त्यांना तसे बसलेले पाहवत नाही.

आमच्या घरचा जुना उपाय असा, की पुदिन्याचे फूल (म्हणजे मेंथॉलचे खडे), ओव्याचे फूल (म्हणजे थायमॉलचे खडे) आणि कापूर समभाग घेऊन बाटलीत एकत्र ठेवायचे. थोड्या वेळात त्यांचे आपोआप पाणी होते. आई त्यात खोबरेल तेल मिसळते. बाबा ते छातीला चोळतात, रुमालावर टाकून हुंगतात आणि अलीकडे तर करंगळीने नाकपुडीच्या आतही लावू लागले आहेत. लावताच मोकळे वाटते म्हणतात, पण अर्ध्या तासात पुन्हा तेच. गेल्या आठवड्यात मी वाफाऱ्याच्या पातेल्यात सहा-सात थेंब टाकले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांची इतकी आग झाली की बराच वेळ पाणी मारावे लागले. ती चूक सर्वस्वी माझी होती. शिवाय औषधाच्या दुकानातून आणलेले, नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंबही ते गेले तीन आठवडे रोज घालत आहेत.

या तेलाने नाक खरोखर उघडते का, आणि ते रोज वापरणे सुरक्षित आहे का? त्याच खोलीत माझी चौदा महिन्यांची मुलगी झोपते. तिला सर्दी झाली तेव्हा आई तेच बोट तिच्या नाकाखाली फिरवणार होती. मी अडवले, परंतु आईला पटेल असे कारण मला देता आले नाही.

प्रतिसाद : आपण अडवलेत हे फार योग्य केलेत. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर लावल्यास स्वरयंत्र एकाएकी आवळून श्वास अडकू शकतो, आणि कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येतात. ती बाटली कडीकुलपातच ठेवावी.

आता वडिलांविषयी. मेंथॉलमुळे नाकातील सूज उतरत नाही. थंडावा ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) आपल्या मज्जातंतूंवर असतात, त्यांना मेंथॉल चेतवते आणि हवा अधिक खेळते आहे असे मेंदूला भासते. मोजून पाहिले तर नाकातील अडथळा तेवढाच राहतो. (हे ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चे नोबेल मिळाले.) तो दिलासा खोटा नव्हे, झोपताना रुमालावर एखादा थेंब टाकून हुंगायला हरकत नाही. मात्र नाकपुडीच्या आत तेल लावणे आजच थांबवावे, कारण असे तेल रोज थोडे थोडे फुप्फुसात उतरत राहिले तर तेथे न्यूमोनियासारखा दाह होतो. वाफ घ्यायचीच असेल तर साध्या पाण्याची, आणि पातेले सांडून भाजणार नाही अशा बेताने.

मला खरी शंका त्या ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांची येते. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की औषधाचा अंमल उतरताच सूज पूर्वीपेक्षा अधिक येते, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो आणि हे चक्र संपत नाही. रक्तदाब असल्यास तर अधिकच जपावे. नाक धुण्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात साडेचार ग्रॅम मीठ घालावे. वखारीतील इतक्या वर्षांच्या धुरळ्याचा इतिहास पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाची आतून तपासणी करून घ्यावी. एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा रक्त येत असेल तर उशीर नको.

धागाकर्ता : मनापासून आभार. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे मी लिहायचे राहिलेच होते. आपला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने बाटली फडताळाच्या वरच्या खणात कुलपात ठेवली आहे. उद्या सकाळच्या गाडीने बाबांना कोल्हापूरला तज्ज्ञांकडे नेतो आणि थेंबांची बाटलीही सोबत घेतो. थेंब बंद केल्यावर पहिल्या काही रात्री त्रास वाढतो असे ऐकले आहे. त्या रात्री कोणी कशा निभावल्या, ते कृपया लिहावे.