अ‍ॅडम्स बाप-लेक म्हणजे घराणेशाही? मला हे पटत नाही

वाईकर

काल रानवाटा यांनी लिहिलं : "अमेरिकेनं आपल्याला घराणेशाहीवर शिकवू नये. दुसरा अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स, सहावा त्याचाच मुलगा. बापाची गादी लेकाला मिळाली, विषय संपला." रात्री दोनदा उत्तर लिहून पुसलं. आज राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

गादी कसली? बाप १८०१ मध्ये निवडणूक हरून गावी परतला. मुलगा जॉन क्विन्सी अध्यक्ष झाला १८२५ मध्ये. मधली चोवीस वर्षं सत्ता बापाला पाडणाऱ्या पक्षाकडे होती. आणि या वारसानं काय केलं? १८०७ मध्ये तेव्हाचा अध्यक्ष जेफरसन यानं परदेशी व्यापारावर बंदी आणली, त्याच्या स्वतःच्या मॅसॅच्युसेट्स राज्याची जहाजं धक्क्याला लागली, आणि हा सिनेटर त्या बंदीच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे ज्यानं बापाला हरवलं त्याच्याच बाजूनं! त्याच्या पक्षानं मुदत संपायच्या आधीच त्याच्या जागी दुसरा माणूस निवडून ठेवला. त्यानं राजीनामा दिला. घराणेशाहीतला वारस असा पक्षावर पाणी सोडतो का?

जॉन अ‍ॅडम्सचा बाप शेतकरी, जोडीला चपला-बूट शिवणारा. १७७० मध्ये बॉस्टनला इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या शिपायांचं वकीलपत्र जॉननं घेतलं. अख्खं शहर विरोधात असताना. कॅप्टन सुटला, सहा शिपाई सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग दिले गेले. मतं मिळवायला कोणी असलं काम करत नाही.

खरी गादी व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांची होती. पहिल्या छत्तीस वर्षांत बत्तीस वर्षं अध्यक्ष त्यांचा, आणि चौघेही गुलामांचे मालक. दर पाच गुलामांमागे तीन माणसं मोजून दक्षिणेच्या राज्यांना जादा प्रतिनिधी आणि त्याच हिशेबानं अध्यक्ष निवडणारे जादा निर्वाचक मिळत, गुलामाला मत मात्र शून्य. १८०० मध्ये अ‍ॅडम्स ६५ विरुद्ध ७३ निर्वाचक-मतांनी हरला. त्या फुगवलेल्या मोजणीशिवाय जेफरसन जिंकत नव्हता, असं बऱ्याच इतिहासकारांनी मांडलंय. पहिल्या सात अध्यक्षांत दुसरी मुदत न मिळालेले दोघेच, हे बाप-लेक. याला घराणेशाही म्हणायचं?

रानवाटा

वाईकर, अर्धंच सांगितलंत. १७९४ मध्ये सव्वीस वर्षांच्या पोराला हॉलंडमध्ये राजदूत म्हणून पाठवलं, तेव्हा बाप उपाध्यक्ष होता. १७९७ मध्ये बाप अध्यक्ष झाल्यावर त्यानं स्वतःच मुलाला बर्लिनला नेमलं. जावई कर्जात बुडालेला, त्यालाही न्यूयॉर्क बंदरावर सरकारी जागा. १८२४ ला जॅक्सनला ९९ निर्वाचक-मतं, जॉन क्विन्सीला ८४, बहुमत कोणालाच नाही. प्रश्न लोकप्रतिनिधींच्या सभागृहात गेला, सभापती हेन्री क्ले यानं जॉन क्विन्सीच्या बाजूनं वजन टाकलं, तो अध्यक्ष झाला आणि लगेच क्ले परराष्ट्रमंत्री. लोक त्याला सौदा म्हणाले तर काय चुकलं?

मी हे पोटतिडकीनं बोलतो कारण आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत मी उभा होतो. समोर माजी अध्यक्षांचा मुलगा. एकवीस वर्षांचा, सातबारा वाचता येत नव्हता. मी पडलो. "पोरगा हुशार आहे" हे वाक्य तेव्हाही ऐकलं होतं.

वाईकर

बर्लिनची नेमणूक वॉशिंग्टनच्या सल्ल्यानं झाली. केवळ आपला मुलगा म्हणून त्याला मागे ठेवू नका, असं त्यांनीच जॉनला कळवलं होतं. आणि त्या पोराची तयारी बघा. चौदाव्या वर्षी तो फ्रेंचचा दुभाषा म्हणून पीटर्सबर्गला गेला होता. सातबारा न वाचता येणाऱ्याशी तुलना करू नका.

मुक्ता

तुम्ही दोघं बाप, लेक, जावई मोजताय. घर कोण चालवत होतं? जॉन दहा वर्षं फिलाडेल्फिया, पॅरिस, हॉलंडला. ब्रेनट्रीची शेती, गडी, कर, चार मुलं सगळं त्याच्या बायकोकडे, अ‍ॅबिगेलकडे. १७७६ च्या जुलैमध्ये मुलांना घेऊन बॉस्टनला जाऊन देवी टोचून आली, तेही देवीच्या जिवंत लशीनं, जिच्यात माणूस दगावायचा. जॉनला जमिनीची हौस, हिनं सरकारी रोखे घेतले आणि त्याच्यापेक्षा जास्त कमावलं. विवाहितेला कायद्यानं स्वतःची मालमत्ताच नव्हती, तरी १८१६ मध्ये हिनं मृत्युपत्र लिहिलं आणि बरंचसं बायकांना ठेवलं. मार्च १७७६ मध्ये "नव्या कायद्यात बायकांची आठवण ठेवा" असं नवऱ्याला लिहिलं, तर उत्तर आलं की मला हसू आवरत नाही.

आणखी एक. १७९७ मध्ये तिच्याकडे कामाला असलेल्या जेम्स नावाच्या काळ्या मुलाला तिनं रात्रशाळेत घातलं. शेजारी येऊन म्हणाला, हा राहिला तर शाळा मोडेल. तिनं विचारलं, तो काही वावगं वागला का? चर्चमध्ये तो एकत्र बसतो, नाचाला वाजवायला चालतो, मग शाळेत का नाही? मुलगा शाळेत राहिला. घराणं असेल तर ते या बाईचं.

उदगीरची

मुक्ताताई, त्याच बाईचं जून १७७८ चं पत्र वाचलंय का? मुलगा जॉन क्विन्सी अकराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बापाबरोबर फ्रान्सला गेलेला. आई लिहिते : तू दुराचारी निघण्यापेक्षा समुद्रात तुझी कबर झालेली मला परवडेल. बापाचं १७९४ चं पत्र : तू देशाच्या शिखरावर पोचला नाहीस तर दोष तुझ्या आळसाचा, गबाळेपणाचा आणि हट्टाचा. एक पोरगा शिखरावर पोचला. बाकीचे? चार्ल्स दारूनं तिसाव्या वर्षी गेला, १८०० मध्ये. बापानं त्याचं नाव टाकलं होतं. पुढच्या पिढीत जॉन क्विन्सीचा मुलगा जॉर्ज १८२९ मध्ये आगबोटीवरून पाण्यात गेला, अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचा भाऊ जॉन १८३४ मध्ये गेला.

माझा भाऊ लातूरला दोन वर्षं खोली घेऊन राहिला. दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, चाचणीत कितवा? जेवलास का, हे कधीच नाही. निकालाच्या दिवशी तो घरी आला नाही, बसस्टँडवर रात्रभर बसून होता. आता बरा आहे, दुकान चालवतो. बाबांशी बोलत नाही. म्हणून ही पत्रं मला थोर वाटत नाहीत.

वाईकर

कृपया विषयावर या. धागा घराणेशाहीचा आहे, पालकत्वाचा नाही.

मुक्ता

नाही वाईकर, आता मला बोलू द्या. उदगीरची, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण सगळं आईच्या माथी मारू नका. अ‍ॅबिगेलचा सख्खा भाऊ दारूतच संपला होता, व्यसन त्या घरात आधीपासून होतं. आणि १८०० च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन शहरी जाताना वाट वाकडी करून चार्ल्सच्या उशाशी जाऊन बसली ती आईच. बाप गेला नाही.

उदगीरची

मी आई-बाप दोघांचं लिहिलंय, पुन्हा वाचा. मुलगा मरणाच्या दारात असताना जाऊन बसणं सोपं असतं. त्याआधीची वीस वर्षं कुठं गेली? तुम्हाला अ‍ॅबिगेल देव्हाऱ्यात ठेवायची आहे, ठेवा.

मुक्ता

देव्हाऱ्यात कोणी ठेवलं नाही. बोलताना तोल सांभाळा.

क्विन्झीकर

मी या बाप-लेकांच्याच गावात राहतो. लिहितात क्विन्सी, इथली माणसं क्विन्झी म्हणतात. स्टेशनसमोरच्या दगडी चर्चच्या तळघरात दोघे अध्यक्ष आणि त्यांच्या बायका, चार ग्रॅनाइटच्या पेट्या. बाप-लेकांची जन्मघरं शेजारी-शेजारी, मधे अंगणाएवढं अंतर. आमचे आबा इथं आले होते, त्या स्वयंपाकघरात ते वाकून शिरले, बाहेर आल्यावर म्हणाले, आपलं जुनं घर यापेक्षा मोठं होतं.

घराणेशाहीबद्दल एवढंच : अध्यक्षपद गेल्यावर जॉन क्विन्सी १८३१ मध्ये साधा प्रतिनिधी म्हणून परत आला आणि सतरा वर्षं राहिला. गुलामीविरोधी अर्ज वाचायचेच नाहीत असा नियम १८३६ मध्ये झाला, हा प्रत्येक अधिवेशनात अर्ज घेऊन उभा. १८४४ मध्ये नियम रद्द झाला. १८४१ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, आमिस्ताद जहाजावरच्या आफ्रिकी कैद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला आणि ते सुटले. १८४८ मध्ये सभागृहातच बाकावर कोसळला, दोन दिवसांनी त्याच इमारतीत गेला. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ज्या सदाचारी अमेरिकनांना अर्पण केली, त्यांत मी या म्हाताऱ्याला धरतो.

रानवाटा

ही सतरा वर्षं मान्य. माझ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी पद गेल्यावर साधं सभासद म्हणून बैठकीला येणंही बंद केलं. पण १८२४ च्या सौद्यावर मी ठाम आहे. आणि जावयाचं उत्तर वाईकरांनी अजून दिलेलं नाही.

वाईकर

जावयाची नेमणूक चुकीची होती. एवढं लिहिलं, आता पुरे.

उदगीरची

मुक्ताताई, मघाशी आवाज चढला, पण मुद्दा सोडत नाही. १८०९ मध्ये जॉन क्विन्सीला रशियाला नेमलं. थोरले दोघे, जॉर्ज आणि जॉन, आजी-आजोबांच्या शिस्तीत वाढावेत म्हणून मागे ठेवायचे, हे आई लुईझाला न विचारता ठरलं. तिच्याबरोबर गेला फक्त दोन वर्षांचा चार्ल्स फ्रान्सिस. सहा वर्षांनी, १८१५ च्या हिवाळ्यात, तिनं त्याच पोराला घोडागाडीत घेऊन पीटर्सबर्गहून पॅरिस गाठलं. चाळीस दिवस, वाटेत नेपोलियनचे सैनिक. मागे ठेवलेले दोघे तरुणपणी गेले. आईजवळ वाढलेला जगला, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात लंडनला राजदूत म्हणून बसून त्यानं इंग्लंडला दक्षिणेच्या बाजूनं उतरू दिलं नाही. वाईकर, हे तुमच्या विषयात बसतं का?

मुक्ता

लुईझाचं माझ्याही मनात होतं, आधी लिहायला हवं होतं. अ‍ॅबिगेलनं ते दोघे ठेवून घेतले, हे खरं आहे. त्या पत्राबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

वाईकर

बसतं. चार्ल्स फ्रान्सिसवर वेगळा धागा काढतो. रानवाटा, तिथं लिंकननं त्याला नेमलं होतं, बापानं नाही, हे आधीच लिहून ठेवतो.