वसतिगृहातील अत्याचार प्रकरण : पोलीस तपास पुरेसा आहे, की चौकशी आयोगाची मागणी करावी?

राजापूरकर (प्रश्न)

आमच्या तालुक्यातील एका खासगी वसतिगृहातील मुलींवर झालेल्या अत्याचारांबाबत पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला असून दोघांना अटक झाली आहे. मुलींची ओळख कोणत्याही मार्गाने उघड होऊ नये म्हणून गाव, संस्था आणि काळ यांचा उल्लेख मी करीत नाही, आणि ज्यांना अंदाज आला असेल त्यांनीही तो येथे करू नये, अशी विनंती आहे.

अटकेनंतर ग्रामसभेत दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की, आरोपी कोठडीत आहेत, आता न्यायालय काय ते बघून घेईल. मला आणि इतर बऱ्याच पालकांना हे पटत नाही. संध्याकाळची हजेरी झाल्यानंतर मुलींना ‘कार्यक्रमाला’ म्हणून गाडीतून बाहेर नेले जात होते आणि बाहेर जाण्याच्या वहीत ‘पालकांसोबत’ अशी नोंद होत होती. त्या वहीवर अधीक्षकांची सही आहे, संस्थेच्या सचिवांचीही आहे. एका आईने तक्रार केली तेव्हा मुलीचा दाखला तिच्या हातात ठेवून तिची बोळवण करण्यात आली. गुन्हा दोघांनी केला असेल, परंतु तो बिनबोभाट चालू राहील अशी सोय किती जणांनी करून दिली, हे आरोपपत्रात येईलच असे नाही.

इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील मुलांच्या संघटित लैंगिक शोषणाविषयी प्राध्यापक अलेक्सिस जे यांनी २०१४ मध्ये दिलेला अहवाल मी अलीकडेच वाचला. १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुले या शोषणाला बळी पडली, असा त्यांचा सावध अंदाज होता. त्या आकड्याइतकीच अस्वस्थ करणारी बाब म्हणजे २००२, २००३ आणि २००६ असे तीन वेळा याच विषयावरचे लेखी अहवाल पोलीस आणि स्थानिक परिषद यांच्याकडे आले होते. पहिला दडपला गेला आणि पुढच्या दोन्हींची दखल घेतली गेली नाही. जे बाईंच्या चौकशीमुळे हे कागद लोकांसमोर आले.

आपल्याकडे अशी चौकशी कोणत्या कायद्याखाली मागता येते, तिच्यामुळे खटल्याला बाधा येते का, आणि मुलींना पुन्हा पुन्हा तेच सांगायला न लावता ती होऊ शकते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अलिबागचे वकील

राजापूरकर, आपण उल्लेख केलेली बाहेर जाण्याची वही हा या प्रकरणातील सर्वांत मोलाचा कागद आहे. ती पोलिसांनी पंचनाम्याने ताब्यात घेतली आहे का, हे पहिल्यांदा विचारून घ्या. घेतली नसेल तर तपास अधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फौजदारी खटल्यात न्यायाधीशांपुढे ठराविक आरोपी, ठराविक तारखा आणि ठराविक कृत्ये असतात, आणि त्यांपलीकडे जाण्याची त्यांना फारशी मुभा नसते. आपल्या रायगड जिल्ह्याशी संबंध असलेले उदाहरण देतो. कुलाब्यातील अँकरेज या निवारागृहाची एक शाखा मुरूडलाही होती. तेथील मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत २००१ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. संस्था चालवणाऱ्या दोघा ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षांत न्यायालयांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले, ते म्हणजे या आरोपींनी हे कृत्य केले की नाही. परदेशी माणसे आपल्या किनाऱ्यावर येऊन अनाथ मुलांचे घर चालवतात, तर ते कोणी तपासले, कोणत्या कार्यालयाने काय अहवाल दिला, तक्रार कानावर येऊनही कोण गप्प बसले, हे प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेत बसणारे नव्हते.

असे प्रश्न चौकशी आयोगाच्या कक्षेत बसतात. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाच्या कलम ३ खाली राज्य सरकार सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित बाबीसाठी आयोग नेमू शकते, आणि विधिमंडळाने तसा ठराव केला तर सरकारला आयोग नेमावाच लागतो. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला असतात. आयोगापुढे दिलेले निवेदन कलम ६ मुळे त्या व्यक्तीविरुद्ध वापरता येत नाही, अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. त्यामुळे एखादा कारकून किंवा पहारेकरी खटल्यात जे बोलायला धजणार नाही, ते आयोगापुढे बोलू शकतो. खटला आणि चौकशी एकाच वेळी चालू शकतात, फक्त आरोपी दोषी आहेत की नाहीत हा विषय आयोगाने हाताळायचा नसतो.

मर्यादाही मोठी आहे. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवावा, असे कायदा सांगतो, आणि तेवढ्यावरच पुष्कळ अहवाल धूळ खात पडतात. म्हणून माझा सल्ला असा की, केवळ ‘आयोग नेमा’ असे म्हणू नका, त्याची कार्यकक्षा, म्हणजे त्याने नेमके काय तपासायचे, ती तुम्हीच लिहून द्या. ‘सदर वसतिगृहात घडलेल्या घटनेची चौकशी’ असे मोघम शब्द आले, तर सहा महिन्यांनी पुन्हा त्याच दोन आरोपींची नावे वाचायला मिळतील.

बालकल्याण समितीच्या माजी सदस्या, रत्नागिरी

वकीलसाहेबांनी कार्यकक्षेचा मुद्दा मांडला, त्याला माझ्या कामाच्या अनुभवातून थोडी जोड देते.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. ही संस्था बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदलेली होती, की निव्वळ विद्यार्थी वसतिगृह म्हणून चालत होती? आपल्याकडे मुलांना ठेवणाऱ्या संस्था महिला व बालविकास, समाजकल्याण, आदिवासी विकास आणि शिक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांकडे विभागलेल्या आहेत. अनुदान एका खात्याचे, मान्यता दुसऱ्याची आणि प्रत्यक्षात मुलगी तिसऱ्याच्या योजनेतील, असे असले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. संघटित शोषण करणारी माणसे नेमकी अशीच फट शोधतात, हे मी ठामपणे सांगते.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे जिल्ह्याच्या तपासणी समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा संस्थेला भेट द्यायची असते. पथकात किमान तीन सदस्य हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा असतो. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय होते, ते मी पाहिले आहे. भेटीची वर्दी आदल्या दिवशी पोहोचलेली असते. अंगण सारवलेले, मुली इस्त्रीच्या कपड्यांत रांगेने बसवलेल्या, चहा-पोहे तयार. सदस्य स्वयंपाकघरातील धान्याचे डबे उघडून पाहतात, संडासाची कडी लागते का ते पाहतात, आणि मग मुलींना विचारतात, ‘काही त्रास नाही ना?’ अधीक्षिका शेजारीच उभ्या असतात. सगळ्या मुली एका सुरात ‘नाही’ म्हणतात, आणि भेटपुस्तिकेत ‘वातावरण समाधानकारक’ असा शेरा पडतो.

मी अशा वेळी अधीक्षिकांना बाहेर बसायला सांगत असे आणि मुलींशी एकेकीने, नदीवर किंवा आवारातल्या पारावर बसून बोलत असे. पहिल्या भेटीत कोणीच बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एखादी विचारते, ‘बाई, आमचं सांगितलेलं तुम्ही त्यांना सांगणार का?’ तेथून पुढे खरी तपासणी सुरू होते. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील प्रकार २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून उघडकीस आला. ते गृह सरकारी अनुदानावर चालत होते. मुलींशी त्या पथकाने सवड काढून संवाद साधला, तेव्हा सत्य बाहेर आले.

म्हणून कार्यकक्षेत हे स्पष्ट लिहा : गेल्या इतक्या वर्षांत तपासणी किती वेळा झाली, कोणी केली, मुलींशी एकांतात बोलणे झाले का, आणि प्रत्येक अहवालावर जिल्हा कार्यालयाने काय केले. तपासणी अहवालांच्या प्रती माहितीच्या अधिकारात आजच मागा. मुलींची नावे झाकून उरलेला मजकूर देता येतो, त्यामुळे ‘गोपनीय आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

गुहागरची परिचारिका

चौकशीला माझा विरोध नाही, पण एक काळजी मांडते. अशा प्रकरणातील मुलीला पोलीस, दंडाधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि समिती अशा सगळ्यांपुढे तेच सांगावे लागते. तपासणीच्या टेबलावर पाय आखडून घेणारी मुलगी मी पाहिली आहे. पोक्सो कायदा सांगतो की, जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात न येता, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे घ्यावा, आणि न्यायालयात तिला वारंवार बोलावू नये. त्यावर आणखी एक आयोग आला, तर तिच्या वाट्याला काय येईल?

दुसरे, आयोगाची वाट न पाहता आजही लागू असलेल्या तरतुदीकडे लक्ष द्या. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात माहिती असूनही न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. दाखला देऊन आईला वाटेला लावणाऱ्यांना हे कलम लागू होते, असे मला वाटते.

अलिबागचे वकील

ताई, आपली काळजी अगदी रास्त आहे, आणि तिच्यावर तोडगा आहे. संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात ८,००० हून अधिक पीडितांचे म्हणणे खासगी बैठकांत ऐकले. तेथे शपथ नाही, उलटतपासणी नाही. इंग्लंड आणि वेल्समधील याच विषयावरच्या स्वतंत्र चौकशीनेही ६,००० हून अधिक लोकांचे अनुभव अशाच पद्धतीने ऐकून घेतले. त्यातील पुष्कळ जण प्रौढ झालेले होते. आपल्याकडे तर मुलींना आयोगापुढे बोलावण्याची गरजच नाही. मुलींनी काय सोसले हे न्यायालय तपासेल, आयोगाने मोठ्यांना बोलवावे. आणि कलम २१ चा मुद्दा पुरवणी जबाबात यावा, यासाठी त्या आईने वकिलासह तपास अधिकाऱ्यांकडे जावे.

मडगावकर

गोव्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. १९९१ मध्ये मडगाव परिसरात मुलांसाठी आश्रयगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे मुलांची २,००० हून अधिक छायाचित्रे सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या जाळ्यात परदेशी नागरिक होते आणि त्यांतील काहींना परत आणण्यासाठी पुढे कित्येक वर्षे लागली. तो माणूस गावात प्रतिष्ठित होता, अनाथांचा कैवारी म्हणून लोक त्याला मान देत होते. तुमच्या संस्थाचालकांविषयी ग्रामसभेत कोणी ‘एवढा सज्जन माणूस असे करणार नाही’ म्हणाले असेल, तर त्यांना हे सांगा.

२००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल अधिनियम केला, आणि त्यात जबाबदारी आजूबाजूच्या लोकांवर टाकली. हॉटेलातील खोलीत मूल नातेवाइकांसोबत नोंद झाल्याशिवाय जाऊ शकत नाही, आणि त्याची जबाबदारी मालक व व्यवस्थापकावर आहे. छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला आक्षेपार्ह चित्र दिसले, तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. राजापूरकर, तुमच्याकडे मुलींना गाडीतून नेले जात होते, म्हणजे ती गाडी कुठेतरी थांबत होती. किनाऱ्यावरच्या निवासस्थानांच्या नोंदवह्या कोणी पाहिल्या का, हा प्रश्न कार्यकक्षेत असलाच पाहिजे.

ब्रिटनच्या बाबतीतही एक जोडतो. तेथील स्वतंत्र चौकशीने फेब्रुवारी २०२२ मध्ये संघटित जाळ्यांवर वेगळा अहवाल दिला. ज्या सहा भागांचा अभ्यास झाला, त्यांपैकी काही ठिकाणच्या यंत्रणांनी आपल्याकडे अशी जाळीच नाहीत असे सांगितले होते, आणि पुरावे उलट होते. याच विषयावर लुईस केसी यांनी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात असेही आढळले की, सुमारे दोनतृतीयांश गुन्हेगारांच्या वांशिक पार्श्वभूमीची नोंदच झालेली नव्हती. प्रश्न अडचणीचा म्हणून नोंद टाळली, आणि त्यामुळे अफवांना रान मोकळे मिळाले. आपल्याकडे जात, धर्म किंवा राजकीय पक्ष पाहून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

राजापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. वही पोलिसांनी ताब्यात घेतलेली नाही, असे आज ठाण्यात विचारल्यावर कळले. तसा अर्ज दिला असून त्यावर पोचेचा शिक्का घेतला आहे. संस्थेची नोंदणी केवळ विद्यार्थी वसतिगृह म्हणून आहे. कार्यकक्षेचा मसुदा आम्ही असा केला आहे : तपासणीचे सर्व अहवाल आणि त्यांवरील कार्यवाही, तक्रार आल्याच्या तारखा आणि ती कोणाकडे गेली, वहीवर सह्या करणाऱ्यांची साखळी, गाडी जेथे थांबत होती त्या निवासस्थानांच्या नोंदी, आणि चार खात्यांपैकी कोणाची काय जबाबदारी होती. मुलींना आयोगापुढे बोलावू नये, हे स्वतंत्र कलम घातले आहे. मसुदा ग्रामसभेच्या ठरावासह पालकमंत्री आणि मतदारसंघाच्या आमदारांना द्यायचा आहे. त्यात काही राहून गेले असेल तर सांगावे.

बालकल्याण समितीच्या माजी सदस्या, रत्नागिरी

एक राहिले आहे. वसतिगृह बंद झाले तर उरलेल्या मुली कुठे राहतील, त्यांच्या परीक्षांचे काय, आणि त्यांच्या मदतीसाठी बालकल्याण समितीने कोणती सहायक व्यक्ती नेमली आहे, हे मसुद्याच्या पहिल्या पानावर घाला. गेल्या वेळी अशाच प्रसंगी मुलींना रातोरात गावोगावच्या घरी पाठवले गेले, त्यांतील निम्म्या पुन्हा शाळेत दिसल्या नाहीत. आमदारांकडे जाण्याआधी जिल्हा बालसंरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. मी सोबत येईन.