रस्त्याखालच्या जुन्या मलवाहिनीला आतून अस्तर लावल्याने आमच्या चाळीतील तुंबणे थांबेल का?

प्रश्न : गिरगावातील एका चाळीचा सचिव

नमस्कार. आमच्या तीन मजली चाळीत चाळीस बिऱ्हाडे आहेत. आमच्या गल्लीतील ब्रिटिशकालीन मलवाहिनी खोदून न बदलता तिला आतून अस्तर लावले जाणार असल्याचे नुकतेच कळले. दर पावसाळ्यात हाऊस गल्लीतील, म्हणजे इमारतीमागच्या सांडपाण्याच्या नळांच्या अरुंद बोळातील, चेंबरचे झाकण उचलले जाते आणि मैलापाणी तळमजल्याच्या मोऱ्यांतून वर येते. गेल्या श्रावणात एका आजींच्या खोलीत ते इतके चढले की त्यांचा देव्हारा आम्हाला रातोरात पहिल्या मजल्यावर हलवावा लागला. अस्तराने वाहिनीचा व्यास कमी होऊन त्रास वाढणार तर नाही ना, हे अस्तर टिकते का आणि मुख्य म्हणजे आमचे तुंबणे त्याने थांबेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : मलनिस्सारणाच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता

अस्तराबद्दल काळजी नसावी. राळेत भिजवलेली नमद्यासारखी जाड नळी पाण्याच्या दाबाने उलटवत मॅनहोलमधून आत सोडतात, ती जुन्या भिंतीला घट्ट बसली की आतले पाणी तापवून राळ कडक करतात आणि अशा रीतीने जुन्या वाहिनीच्या पोटात एक अखंड, सांधे नसलेली नवी वाहिनी तयार होते. तिचे आयुष्य साधारण पन्नास वर्षे धरले जाते. व्यास काही मिलिमीटरने घटतो खरा, परंतु आतील पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने वहनक्षमता सहसा कमी होत नाही. नंतर प्रत्येक इमारतीच्या जोडणीचे तोंड यंत्राने आतून कापून मोकळे करतात. ते काम पाहायला समितीचा एक माणूस अवश्य थांबावा, कारण एखादे तोंड अर्धवट राहिले तर त्याचा त्रास तुम्हालाच होईल. गिरगावच्या अरुंद गल्ल्यांत जुन्या भारवाही भिंतींच्या पायाशेजारी खोल चर खणण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच सुरक्षित आहे. मात्र वाहिनी मध्येच खचून तिचा उतार गेला असेल, तर अस्तरही त्याच खड्ड्यातून जाते आणि गाळ तिथेच साचत राहतो. म्हणून वाहिनीत कॅमेरा सोडून केलेल्या आधीच्या सीसीटीव्ही पाहणीत असा भाग दिसला आहे का, हे विचारून घ्या.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तुंबणे पावसातच होते, एरवी नाही, असे तुम्ही लिहिले आहे आणि माझ्या मते सगळे उत्तर त्यातच आहे. मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्य जलवाहिन्या यांची जाळी वेगवेगळी आहेत. शहर भागातला बराचसा मैला वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्राकडे (पंपिंग स्टेशनकडे) जातो आणि पावसाचे पाणी वेगळ्या वाटेने समुद्राला मिळते. पण अनेक जुन्या इमारतींत छपराच्या पन्हळी सोयीसाठी थेट मैल्याच्या चेंबरला जोडलेल्या असतात. हिशेब करून पाहा. तुमचे छप्पर तीनशे चौरस मीटर धरले आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका तासात १५,००० लिटर पाणी खाली येते; उलट चाळीस बिऱ्हाडांत १८० माणसे धरली तर त्यांचे सांडपाणी संपूर्ण दिवसाचे मिळून सुमारे २०,००० लिटर भरते. गल्लीतल्या दहा चाळींनी हेच केले असेल, तर केवळ मैल्यासाठी आखलेल्या वाहिनीने हे पाणी कुठे न्यावे?

दुसरी गोष्ट मोऱ्यांची. मोरीचे नळ आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यापुरते बसवलेले असतात. पुढे घरोघरी आत शौचालये झाली आणि त्यांचा मैला कित्येक ठिकाणी त्याच बारीक नळांत सोडला गेला. रस्त्याखाली सोन्याची वाहिनी घातली तरी हाऊस गल्लीतील हे दोष तसेच राहतात, आणि त्यांची दुरुस्ती ही इमारतीच्या मालकाची व रहिवाशांची जबाबदारी असते.

वरळीला दररोज ५०० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे प्रक्रिया केंद्र उभारले जात आहे. पावसाचे पाणी मैल्यात मिसळत राहिले तर अशा केंद्रावर ते शुद्ध करण्याचाही नाहक भार पडतो.

उत्तर : परळचा रहिवासी

वरील उत्तराला दुजोरा देतो. आमच्या इमारतीत कोणती पन्हळ कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी एका कोरड्या दिवशी प्रत्येक पन्हळीत कपड्यांची नीळ कालवलेले बादलीभर पाणी ओतले आणि खाली मैल्याच्या चेंबरचे झाकण उघडून दोघे जण लक्ष ठेवून उभे राहिले. पाचपैकी तीन पन्हळींचे निळे पाणी तिथे उतरले. त्या तिन्ही आम्ही विभाग कार्यालयाच्या परवानगीने रस्त्यालगतच्या पर्जन्य जलवाहिनीकडे वळवून घेतल्या. त्यानंतर दोन पावसाळे गेले, चेंबर एकदाही उसळले नाही.

उत्तर : कामगारांसोबत काम करणारी कार्यकर्ती

ही तपासणी किंवा गाळ काढण्याचे काम करताना कोणालाही, तो कितीही तयार असला तरी, चेंबरमध्ये उतरू देऊ नका. तिथे साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा अंश वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो, त्यामुळे वास नाही म्हणून उतरलेला माणूस पुढच्याच श्वासाला कोसळू शकतो आणि त्याला काढायला गेलेलाही. गटारे व सेप्टिक टँक संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, पण त्या घरातला माणूस त्याने परत येत नाही. पाण्याच्या जोरदार झोताने गाळ काढणारे जेटिंग यंत्र मागवा आणि झाकण उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू द्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी आम्ही नीळ ओतून पाहिली. चेंबरमध्ये कोणी उतरले नाही. चारपैकी चारही पन्हळी मैल्याच्या चेंबरमध्येच उतरतात, आणि मागच्या बाजूची पन्हळ तर नेमकी त्या आजींच्या मोरीच्या नळाला जोडलेली आहे. ती पहिल्यांदा तोडायची असे समितीने ठरवले आहे. पण हाऊस गल्लीची रुंदी जेमतेम चार फूट आहे आणि तिथून रस्त्यापर्यंत वेगळा नळ नेताना त्याला पुरेसा उतार मिळेल का, याबद्दल अभियंता साहेबांनी कृपया मार्गदर्शन करावे. मोजमापे घेऊन ठेवली आहेत.