मदत हवी आहे: आर्ट म्युझियममध्ये लग्न, होम आणि फोटोंचं काय करायचं?

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न ऑक्टोबरात आर्ट म्युझियममध्ये करायचं ठरतंय. मुलांना तोच हॉल हवा आहे, त्यावर चर्चा नको. डेकोरेटर म्हणतो, तिथे अग्नी, अक्षता, सुट्या पाकळ्या काही चालणार नाही. गुरुजी म्हणतात, होमाशिवाय मी लग्न लावणार नाही. फोटोग्राफर म्हणतो, फ्लॅश नसेल तर फोटोंची हमी देत नाही. आगाऊ रक्कम या आठवड्यात भरायची आहे. असं लग्न कोणी केलं असेल तर होमाचं काय केलंत आणि फोटो कसे आले, एवढंच सांगा. लवकर.

फिलीकर
कोणतं म्युझियम? माणसं किती? मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा? लग्न तिथेच लागणार की फक्त रिसेप्शन? आणि हे नियम डेकोरेटरने सांगितलेत की म्युझियमने लेखी दिलेत?

एडिसनची_आई
फिलाडेल्फियाचं. ‘रॉकी’ सिनेमातल्या पायऱ्यांचं. लग्न आणि जेवण दोन्ही तिथेच. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे. म्युझियमशी लेक बोलते आहे. मला होमाचं उत्तर हवंय.

तुळशीबागवाला
ऑक्टोबर म्हणजे चातुर्मास. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त कुठून काढलात?

सातारची_सून
पंचांगात आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात. अमेरिकेत हॉल आणि सुट्टी जुळेल तेव्हाच लग्न होतं. त्यांनी ते विचारलेलंही नाही.

फिलीकर
ताई, पहिली अडचण होमाची नाही, वेळेची आहे. पावणेबाराला तिथे तिकीट काढून आलेली माणसं फिरत असतात. अशा म्युझियमचं मधलं दालन लग्नाला मिळतं ते बहुतेक प्रेक्षक गेल्यावर. इथे पाचला बंद होतं, शुक्रवारी रात्रीपर्यंत उघडं असतं, म्हणजे शुक्रवार तर विसराच. ११:४२ ला माळा पडणार असं धरून पैसे भरू नका.

सातारची_सून
गोरज मुहूर्त घ्या! आमच्या माहेरी अर्धी लग्नं गोरज मुहूर्तावरच लागायची, त्याला कोणी कमी समजत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला फिलाडेल्फियात सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो.

फिलीकर
कल्पना चांगली आहे, पण पाचला दारं बंद आणि सव्वासहाला मंगलाष्टका, म्हणजे मंडप, खुर्च्या, माइक सगळं तासाभरात. घरून जोडून आणलेल्या हलक्या चौकटीचाच मंडप जमेल. कोरीव खांबांचा मोठा मंडप डोक्यातून काढा. आणि महिनाअखेरीकडे जाल तसा सूर्यास्त आणखी लवकर होतो.

संग्रहालयात_नोकरी
मी दुसऱ्या एका संग्रहालयात काम करते, म्हणून कारणं सांगते. नियम माहीत असले तरी कारण कळल्याशिवाय पटत नाहीत. होमाच्या धुरातली काजळी आणि तुपाचा अंश चित्रांवर, दगडावर बसतो. तो साफ करायचा तर तज्ज्ञ लागतात, फडकं मारून जात नाही. शिवाय आग विझवणारी यंत्रणा चालू झाली तर पाण्याने जे नुकसान होईल ते कुठलाच विमा भरून देऊ शकत नाही. अक्षतांचा दाणा फटीत राहिला की त्यावर किडे आणि उंदीर येतात, आणि तेच पुढे लाकडाला आणि कापडाला लागतात. हळद-कुंकू सच्छिद्र दगडात शिरलं की निघत नाही. ताज्या फुलांतूनही किडे आत येतात, म्हणून काही ठिकाणी फुलवाला आणि फुलं दोन्ही आधी मंजूर करून घ्यावी लागतात. तुमच्याकडचे नेमके नियम त्यांच्याकडूनच लेखी घ्या, डेकोरेटरच्या तोंडचे नकोत.

वेदविद्या
सप्तपदी आणि अग्नी नाही तर तो विवाहच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सांगितलं आहे की विधींशिवाय नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही.

वकीलकाका
ते प्रकरण भारतातलं होतं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ खालचं. इथे लग्नाची नोंद पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने होणार. ताई, तुम्ही एडिसनच्या, म्हणजे लग्नाचं लायसन्स न्यू जर्सीचं काढणार आहात का?

एडिसनची_आई
हो, टाउनशिपमध्ये. त्याचा फोटोशी काय संबंध?

वकीलकाका
फोटोशी नाही, लग्नाशी आहे. न्यू जर्सीचं लायसन्स नदीपलीकडे चालत नाही. लग्न फिलाडेल्फियात लागणार तर लायसन्स पेनसिल्व्हेनियाचंच हवं. तिथल्या कुठल्याही काउंटीत काढलं तरी राज्यभर चालतं. अर्जानंतर ३ दिवस थांबावं लागतं आणि मिळाल्यावर ते ६० दिवस चालतं. तिथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमुळे आलेली आणखी एक सोय आहे: विधी लावणाऱ्याच्या सहीशिवाय, दोन साक्षीदारांच्या सह्यांवर लग्न नोंदवण्याचं लायसन्स मिळतं. गुरुजींना सहीचा अधिकार आहे की नाही अशी शंका असेल तर ते बघा. भारतात दाखला लागणार असेल तर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणीकरण, तेही पेनसिल्व्हेनियाकडूनच घ्यावं लागेल.

वेदविद्या
कागद झाला. धर्माचं काय?

सातारची_सून
सकाळी घरी होम करून घ्यावा आणि संध्याकाळी माळा घालाव्यात.

वेदविद्या
क्रम उलटा होतो. आधी अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, मग विवाहहोम आणि सप्तपदी. लग्न लागण्याआधी सप्तपदी कशी घालणार?

एक_मामा
मग होम नंतर ठेवा. आमच्या भाचीच्या लग्नात गोरज मुहूर्तावर माळा पडल्या, जेवणं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात होम, लाजाहोम, सप्तपदी असं सगळं शांतपणे झालं. क्रमही सांभाळला गेला. ब्रिजवॉटरच्या व्यंकटेश्वर मंदिरात किंवा तुमच्या ओळखीच्या देवळात विचारा, आणि तारीख आत्ताच पक्की करा. तिथेही गर्दी असते.

प्रकाशचित्रक
आता फोटोंकडे येऊ, अर्धा प्रश्न राहूनच गेलाय. ताई, तुमच्या फोटोग्राफरने फ्लॅशशिवाय काढलेला, बंद हॉलमधल्या लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवला आहे का? पूर्ण म्हणजे निवडक दहा फोटो नव्हेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नसेल तर माणूस बदला.
उजेडाने कागद, कापड, जलरंग यांचं होणारं नुकसान साचत जातं, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच मंद प्रकाश ठेवतात. दगडाला आणि धातूला तितका धोका नाही. त्यामुळे म्युझियमला "फ्लॅश चालेल का?" असं मोघम विचारलंत तर नाहीच म्हणतील. कोणत्या जागी, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या वेळात, असं विचारा. ट्रायपॉड आणि दिव्यांचे स्टँड याबद्दल वेगळं विचारा. फोटोग्राफरकडे विम्याचं प्रमाणपत्र आहे का तेही आजच बघा, अशा जागांना ते बहुतेक लागतं.
फ्लॅश नाहीच मिळाला तर जास्त उजेड आत घेणारी एफ १.४ किंवा १.८ ची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, आणि शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नाही. माळ घालताना हात हलतात, त्याहून हळू शटरला हात पुसट येतात. आणि माणसं दोन हवीतच. अंतरपाट खाली आल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर जे येतं ते एका बाजूला उभं राहून दोघांचंही टिपता येत नाही. मला आमच्या व्यवसायातला तोच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. फाइली रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या स्वरूपात ठेवा, पिवळसर दगड आणि पिवळ्या दिव्यांत शालूचा रंग बदलतो, तो नंतर सुधारता येतो.

कलाप्रेमी_डेलावेअर
म्युझियमच्या ग्रेट स्टेअर हॉलमध्ये, म्हणजे मोठ्या जिन्याच्या दालनात, डायना या रोमन देवीचा सोनेरी पुतळा आहे, तो पूर्वी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या माथ्यावर होता, १९३२ मध्ये इथे आला. वर टांगलंय ते शिल्पकार काल्डरचं. काल्डरच्या आजोबांनी सिटी हॉलवरचा विल्यम पेन या पेनसिल्व्हेनियाच्या संस्थापकाचा पुतळा केला आणि वडिलांनी लोगन सर्कलचं कारंजं. तीन पिढ्या एकाच रस्त्यावर! आणि मदुराईच्या देवळाचा १५६० च्या सुमाराचा दगडी मंडप म्युझियममध्येच आहे. तिथे एक तरी फोटो काढाच.

वेदविद्या
देवळाचे खांब उचलून आणलेत, तिथे पोज देऊन उभं राहायचं?

कलाप्रेमी_डेलावेअर
१९१२ मध्ये एका फिलाडेल्फियाच्या बाईंनी ते मदुराईत विकत घेतले, १९१९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ कुटुंबाने म्युझियमला दिले. ते परत जावेत की नाही हा मोठा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण आज इथल्या मुलांना आपल्याकडचा कोरीव दगड जवळून बघायला मिळतो तो तिथेच. नमस्कार करून उभं राहिलं तर त्यात अपमान कसला?

प्रकाशचित्रक
तो मंडप हॉलच्या भाड्यात येतो का ते आधी विचारा, दालनं बहुतेक वेगळी धरतात. बाहेरचे फोटो काढणार असाल तर पूर्वेकडच्या पायऱ्यांवर रॉकीवाल्यांची गर्दी असते, मागच्या बाजूला वॉटर वर्क्सचे, म्हणजे शहराच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राचे, पांढरे खांब आणि नदी आहे, तिथे जा. शहराच्या उद्यान खात्याची परवानगी लागते का ते फोटोग्राफरने तपासायचं.

फिलीकर
ताई, माणसं किती ते अजून सांगितलं नाहीत. आणि म्हातारी माणसं आहेत का? पूर्वेच्या पायऱ्या ७२ आहेत.

एडिसनची_आई
२२०. सासूबाई ८४ वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीत.

फिलीकर
मग आमंत्रणावर पश्चिमेचं दार छापा. गाडी तिथपर्यंत जाते. नाहीतर पाहुण्यांना रॉकी म्हटलं की सगळे पूर्वेलाच येतील.

एडिसनची_आई
गुरुजींशी बोलले. दुसऱ्या दिवशी देवळात होम त्यांना मान्य आहे, गोरज मुहूर्तही बघून देणार आहेत. फोटोग्राफरने पूर्ण अल्बम पाठवलेला नाही, आज शेवटचं विचारते. रक्कम म्युझियमची लेखी उत्तरं आल्यावरच भरणार. एक राहिलंच: अक्षतांशिवाय मंगलाष्टकांना २२० माणसांनी करायचं काय? हात रिकामे ठेवून उभी राहणार का?

संग्रहालयात_नोकरी
टाळ्या नकोत, मंगलाष्टका बुडतात. परवानगी मिळाली तर प्रत्येकाला कागदी पुडीत चार अक्षता द्या, पुडी उघडायची नाही. शेवटच्या "सावधान"ला ती कपाळाला लावायची आणि जाताना दाराशी परातीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी देवळात त्याच अक्षता दोघांच्या डोक्यावर टाका.

तुळशीबागवाला
केटरर ठरलाय का? जिलेबी गरम मिळणार नाही तिथे, श्रीखंड ठेवा.