'जागतिक नागरिकत्व' : नागरिकत्व कोणत्या अर्थाने?

काळीमाती
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. ग्लोबल सिटिझनशिप एज्युकेशन, म्हणजे जगभरच्या माणसांशी आपलं काय देणंघेणं आहे हे शाळेत शिकवणं, याबद्दल शिक्षकांची मतं विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून द्यायचं काम अंगावर आलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही संज्ञा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.७ मध्ये आहे. मी सरळ 'जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण' लिहिलं आणि चार सहकाऱ्यांना भरायला दिलं. तिघांनी पासपोर्ट आणि परदेशातल्या नोकऱ्यांवर मत लिहिलं. फळ्यावरचं शीर्षक वाचून एका पोराच्या वडिलांनी विचारलं, "सर, याले कोनते कागद लागतीन?" त्यांची चूक नाही. आमच्याकडे नागरिकत्व म्हणजे कागदच. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल
'वैश्विक नागरिकता' घ्या. भारदस्त आहे.

पैनगंगा
भारदस्त असेल, मराठी नाही. 'वैश्विक'चा हा वापर हिंदी बातम्यांतून आलाय. मराठीत विश्व म्हटलं की ग्रहतारे आले, नाहीतर पसायदानातला विश्वात्मक देव. देशोदेशीच्या माणसांसाठी 'जग'च हवं. पवनारच्या विनोबांनीही 'जय जगत्' म्हटलं.

शब्दवेल
मग 'विश्वबंधुत्व' आपण म्हणतोच की! त्यात कुठे ग्रहतारे येतात?

वऱ्हाडीबोली
अडचण जगाची नाही, नागरिकाची आहे. नागरिक म्हणजे नगरात राहणारा. संस्कृतात 'नागर' म्हणजे सुसंस्कृत, चतुर आणि 'ग्राम्य' म्हणजे गावंढळ. खेड्यातल्या पोरांना आपण वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण त्या शब्दात त्यांचं गाव नाही. मला हे खरंच लागतं. 'जगाचा गावकरी' का नाही म्हणायचं? गावकऱ्याला हक्क असतो आणि गावाच्या कामाला हातही लावावा लागतो.

भुईकमळ
आमचे आबा म्हणत, नागरिक हा शब्द नांगरावरून आलाय. जमीन नांगरली, ती सोडून फिरणं थांबलं, तो नागरिक.

पैनगंगा
आबांचा अर्थ सुंदर आहे, पण व्युत्पत्ती ती नाही. नांगर आला संस्कृत 'लाङ्गल'वरून. नगराशी त्याचा संबंध नाही.

भुईकमळ
व्युत्पत्ती नसेल, पण शब्द पिढ्यान्‌पिढ्या ज्या समजुतीनं वापरला जातो तीही त्याच्या अर्थात मोजायला हवी.

सरकी
बुलढाण्याकडची आहे, तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. नववीच्या वर्गात एकदा मी टेबलावर कापसाचं फुटलेलं बोंड ठेवलं. एका मुलीनं सरकी काढून टाकली, तंतू दोन चिमटींत धरून ताणले आणि व्यापारी बघतो तशी लांबी बघितली. मग म्हणाली, "बाई, भाव पाडते कोन?" तिथून न्यूयॉर्कचा वायदेबाजार आला, ब्राझीलचा कापूस आला, बांगलादेशातले कपड्यांचे कारखाने आले. तिथे सुया चालवणाऱ्या बायकांना मजुरी किती मिळते, हेही तिनंच विचारलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, तेव्हा मला ती मुलगी आठवली. शिक्षकांचं मत हवं असेल तर माझं लिहून घ्या : वेगळा विषय, वेगळी नोंदवही नको. दहावीचा पोर्शन संपता संपत नाही. आहे त्याच धड्यात शिकवू द्या.

काळीमाती
बाई, हेच मला प्रश्नावलीत यायला हवंय. पण तुमच्या त्या तासाला नाव काय द्यायचं?

वऱ्हाडीबोली
जगाची गावकी!

पैनगंगा
गावकी म्हटली की जातपंचायत आणि वाळीत टाकणंही डोळ्यांपुढे येतं. जपून.

शब्दवेल
मग इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवा. शिक्षकांना कळतो.

वऱ्हाडीबोली
शिक्षकांना कळेल, त्या वडिलांना नाही. शाळा त्यांचीही आहे.

काळीमाती
सोमवारी द्यायचं आहे. तूर्त 'जगाशी नातं आणि जबाबदारी' असं लिहून खाली दोन ओळींत खुलासा करतो. सहकाऱ्यांना परत भरायला देईन.

भुईकमळ
नांगरावरून आठवलं. आमच्याकडे शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात हा शब्द फारसा ऐकला नाही. तो आपलाच ना?

पैनगंगा
फारसी, 'काश्तकार'. काश्त म्हणजे लागवड.

वऱ्हाडीबोली
फारसी असो. माझ्या बापाच्या सातबाऱ्यावर शेतकरी असेल, त्याच्या तोंडात कास्तकारच होता.